हकीम अजमल खान : मतबपासून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास

दिल्लीला गेलेली आपली माणसं करोल बागेत खरेदीला जातातच. तिथल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्याचं नाव अजमल खान रोड. कपडे, चपला, दागिने घ्यायचे आणि परत यायचं. हे अजमल खान कोण, असं विचारलं तर दहापैकी नऊ जण गप्प बसतील. कुणी म्हणेल, असतील कुणी नवाब. आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांना निदान नाव तरी ठाऊक असतं, पण तेही एका ओळीपुरतं : मोठे हकीम होते, स्वातंत्र्याच्या चळवळीत होते. बस्स.

गंमत अशी, की जगभरातले हृदयरोगतज्ज्ञ हे नाव आजही घेतात, त्यातल्या कित्येकांना ते कुणाचं आहे हे माहीत नसेल तरी. हृदयाचा एक छुपा आजार असतो. साध्या ईसीजीत तो दिसत नाही आणि तरण्याताठ्या माणसाचा अचानक जीव घेतो. तो उघडकीला आणण्यासाठी एक औषध शिरेतून देतात आणि ईसीजीवर नजर ठेवतात. त्या औषधाचं नाव अजमलीन. बल्लीमारानच्या एका हकिमाचं नाव असं युरोपातल्या इस्पितळांत कसं पोचलं, त्याची ही हकीकत.

औषधं बनवण्याची जुनी परंपरा

हकीमसाहेब ज्या विद्येचे वारस होते ती एका देशाची किंवा एका धर्माची नव्हती. तिची सुरुवात ग्रीकांकडे झाली, म्हणूनच तिला युनानी म्हणतात. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने वनस्पतींची माहिती लिहून ठेवली, दुसऱ्या शतकातल्या जालीनूसने, म्हणजे गॅलनने, औषधांचे गुण आणि त्यांच्या पायऱ्या मांडल्या. बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या काळात हे ग्रंथ अरबीत आले. भारतातल्या सुश्रुत आणि चरकाच्या ग्रंथांचंही तिथे भाषांतर झालं. ही विद्या पुढे नेणाऱ्यांत ख्रिश्चन होते, यहुदी होते, मुसलमान होते.

दवा लिहून देणारा वेगळा आणि दवा बनवणारा वेगळा, ही वाटणी त्याच काळात पक्की होत गेली. दवा बनवणाऱ्याला सैदलानी म्हणत. नवव्या शतकातल्या साबूर इब्न सहलने दवाखान्यांसाठी मिश्र औषधांची पुस्तिका तयार केली. अशा पुस्तकाला कराबादीन म्हणतात. अकराव्या शतकात अल-बेरुनीने आयुष्याच्या अखेरीस किताब अस-सैदना लिहिली आणि एकेका वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतली नावं नोंदवली. नावात गोंधळ झाला तर रोग्याच्या जिवाशी खेळ होतो, हे त्याने ओळखलं होतं. तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतारने सुमारे 1400 पदार्थांची यादी केली. शरबत, अर्क हे आपल्या घरातले शब्द याच परंपरेतून आलेले. इंग्रजीतलं सिरपसुद्धा अरबी शराब या शब्दापासूनच निघालं आहे. अरबीत शराब म्हणजे नुसतं पेय.

पण ही परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत येता येता थकली होती. जुनी पुस्तकं पाठ होत होती, नवं काही लिहिलं जात नव्हतं. नुस्खे घराण्यात लपवून ठेवले जात. बापाने मुलाला सांगितलं तर सांगितलं, नाहीतर ते बापाबरोबर कबरीत गेले. बाजारात अत्तार एका मुळीच्या जागी दुसरी मुळी देत आणि रोगी हकिमाला दोष देत. दुसऱ्या बाजूला इंग्रजांची इस्पितळं, क्लोरोफॉर्म, सूक्ष्मदर्शक आणि कुनैन आलं होतं. अशा वेळी अजमल खान यांचा जन्म झाला.

शरीफ मंझिलचं घराणं

11 फेब्रुवारी 1868 रोजी दिल्लीत ते जन्मले. घराणं खानदानी हकिमांचं. पणजोबा हकीम शरीफ खान मुघल दरबारचे हकीम होते, त्यांच्याच नावाने बल्लीमारानमधला वाडा शरीफ मंझिल म्हणून ओळखला जातो. वडील हकीम महमूद खान यांचं नाव त्या काळात दिल्लीबाहेरही घेतलं जाई. 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि गल्ल्यागल्ल्यांतून लूट नि कत्तल सुरू झाली, तेव्हा या मोहल्ल्यावर पटियालाच्या महाराजांचे शिपाई पहाऱ्याला होते, कारण या घराण्याचे हकीम पटियाला दरबारात होते. जवळच राहणारे मिर्झा गालिबसुद्धा त्या पहाऱ्यामुळे बचावले. एका हकिमाच्या हाताच्या गुणामुळे अख्खी गल्ली वाचली, अशी ती गोष्ट आहे.

अजमल खान लहानपणीच हाफिज झाले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र शिकले. तिब वडिलांकडे आणि थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांच्याकडे शिकले. घरातून एक उर्दू साप्ताहिक निघत असे, अकमल-उल-अखबार. तरुणपणी त्यात ते लिहू लागले. शैदा या नावाने उर्दू-फारसी शायरीही करत. त्यांचा दिवान पुढे बर्लिनमध्ये छापला गेला. इंग्रजी शाळेत मात्र ते कधी गेले नाहीत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यांनी जे केलं ते इंग्रजी शिकलेल्या अनेकांना सुचलं नाही.

1892 मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे खास हकीम म्हणून गेले आणि सुमारे दहा वर्षं तिथे राहिले. रामपूरचा कुतुबखाना, म्हणजे आजची रझा लायब्ररी, त्यांच्या देखरेखीखाली होता. दिवसा दरबार आणि रोगी, उरलेल्या वेळात हस्तलिखितं. हजार वर्षांपूर्वीच्या हकिमांनी आपल्या आधीच्यांना कसं तपासलं, कुठे खोडून काढलं, हे त्यांनी मूळ ग्रंथांतून वाचलं. जुनं म्हणजे अंतिम, असं ते जुने लोक स्वतः मानत नव्हते. अल-राझीने जालीनूसच्या चुका दाखवायला पूर्ण पुस्तक लिहिलं होतं. वारसा म्हणजे नुसतं जपणं नाही, तपासणंही आहे, हा धडा त्यांना कुतुबखान्यातच मिळाला असं म्हणायला हरकत नाही.

मदरसा आणि दवाखाना

1901 साली थोरल्या भावाचं निधन झालं, काही वर्षांतच मधले भाऊ हकीम वासिल खानही गेले. घराण्याची जबाबदारी धाकट्यावर आली. त्यात थोरल्या भावाने 1880 च्या दशकात सुरू केलेला मदरसा तिब्बिया होता. तिब घराबाहेर, वर्गात बसून, कुणालाही शिकता यावी हा त्यामागचा विचार. अजमल खान यांनी तो पुढे नेला. शरीररचना आणि शस्त्रक्रियेचे धडे नव्या पद्धतीने शिकवायला घेतले. 1909 मध्ये स्त्रियांसाठी झनाना तिब्बिया मदरसा काढला. बाळंतपणात अडाणी हातांनी किती बायका दगावत होत्या, हे हकिमाइतकं कुणाला माहीत असणार? पडद्यातल्या बाईपर्यंत पोचायचं तर शिकलेली बाईच हवी, एवढा साधा हिशोब होता. त्या काळात मात्र तो साधा नव्हता. जुन्या विचारांच्या हकिमांनी नाकं मुरडली. त्यांना चिरफाड शिकवणं पटत नव्हतं, नुस्खे चव्हाट्यावर आणणं पटत नव्हतं, बायकांना वर्गात बसवणंही पटत नव्हतं.

दुसरं काम औषधांचं. दिल्लीत हिंदुस्तानी दवाखाना उभा राहिला. इथे मतब चालवण्यापेक्षा औषधं तयार करण्यावर भर होता. एकाच प्रमाणात, एकाच पद्धतीने, शुद्ध मालातून. खमीरा आज एक चव आणि उद्या दुसरी, असं होता कामा नये. युनानी आणि आयुर्वेदिक दोन्ही औषधं तिथे बनत. फार्मसी हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण घराघरांत खलबत्त्यात कुटली जाणारी दवा कारखान्यातून बाटलीत बंद होऊन बाहेर पडणं, हा आपल्याकडे मोठा बदल होता. आणि या दवाखान्याचं उत्पन्न हकीमसाहेबांनी घरी नेलं नाही. ते तिब्बियाच्या शिक्षणासाठी लावून दिलं.

त्यांच्या फीबद्दल आजही सांगितलं जातं. दिल्लीबाहेर राजे-नवाबांकडे जायचं तर दिवसाला हजार रुपये. त्या काळचे हजार! दिल्लीत मात्र गरिबांकडून पैसा नाही. शरीफ मंझिलच्या मतबमध्ये सकाळी रांग लागे, हिंदू-मुसलमान सगळे. श्रीमंताकडून घ्यायचं आणि त्यातून कॉलेज चालवायचं, हा त्यांचा कायदा होता.

मुंबई इलाख्यातला कायदा

या हकीकतीचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. 1912 मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच सरकारी नोंदवहीत नोंद होणार. वैद्य आणि हकीम त्यात नाहीत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव लोकांना औषध देणारी माणसं कागदावर कुणीच नाहीत! असे कायदे मग इतर प्रांतांतही येऊ लागले.

हकीमसाहेबांनी हे संकट आधीच ओळखलं होतं. 1910 मध्येच त्यांनी वैद्य आणि हकिमांची मिळून अखिल भारतीय परिषद सुरू केली होती. वैद्य हिंदू, हकीम मुसलमान, दोघांची दुकानं वेगळी, ग्रंथ वेगळे. पण दोघांवर आलेली पाळी एकच. मग भांडून काय मिळणार? एका मंचावर दोघांना बसवण्याचं हे काम राजकारणातल्या एकीच्या दहा वर्षं आधीचं आहे. परिषदेने या कायद्यांविरुद्ध आवाज उठवला.

पण एवढ्यावर थांबले असते तर ते एका व्यवसायाचे पुढारी म्हणूनच राहिले असते. सरकारवर टीका करताना त्यांनी स्वतःच्या लोकांनाही प्रश्न विचारला : आपली औषधं चालतात हे आपण सिद्ध का करत नाही? नोंदवहीत जागा मागायची तर तपासणीला तयार राहायला हवं. ही गोष्ट सरकारपेक्षा हकिमांना जास्त झोंबली.

युरोपचा दौरा

1911 मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना अशी मोठी शहरं, तिथली इस्पितळं आणि वैद्यकीय शाळा पाहिल्या. परतीच्या वाटेवर कॉन्स्टँटिनोपल आणि काहिरा. लंडनच्या चेअरिंग क्रॉस इस्पितळात त्यांची भेट एका तरुण हिंदुस्तानी डॉक्टरशी झाली. ते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. पुढे दोघांची दोस्ती मरेपर्यंत टिकली.

तिथला एक किस्सा त्यांच्या चरित्रांत हमखास येतो. इस्पितळातले नावाजलेले सर्जन स्टॅनली बॉइड यांनी एका रोग्याला पित्ताशयाचा आजार आहे असं ठरवलं होतं. हकीमसाहेबांनी रोग्याला तपासलं आणि दुखणं पित्ताशयात नसून आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या जुन्या जखमेत आहे असं मत दिलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि हकिमाचं मत बरोबर निघालं. बॉइड यांनी मोठ्या मनाने हार कबूल केली आणि त्यांना जेवायला बोलावलं.

आपल्याकडे हा किस्सा सांगताना छाती फुगवून सांगतात, बघा गोऱ्या डॉक्टरला कसं हरवलं. पण स्वतः हकीमसाहेब या दौऱ्यातून काय घेऊन आले? घमेंड घेऊन आले नाहीत. शस्त्रक्रिया करून पाहता येतं, खरं-खोटं डोळ्यांसमोर ठरवता येतं, ही ताकद आपल्या विद्येत राहिली नाही, हे त्यांनी पाहिलं. नब्ज बरोबर सांगणारा एक हकीम मेला की त्याची हुशारी संपते. प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट मात्र सगळ्यांची होते. परत आल्यावर त्यांनी कॉलेजचं काम जोरात हाती घेतलं.

तिब्बिया कॉलेज

29 मार्च 1916 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते करोल बागेत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी झाली. एकाच आवारात वैद्यही शिकणार, हकीमही शिकणार आणि दोघांनाही आधुनिक शरीरशास्त्र शिकावं लागणार. इमारत होईपर्यंत पाच वर्षं गेली आणि त्या पाच वर्षांत देश बदलला. पायाभरणी व्हाइसरॉयने केली, पण 13 फेब्रुवारी 1921 ला उद्घाटन केलं ते महात्मा गांधींनी.

त्या दिवशी गांधीजींनी यजमानांची नुसती तारीफ केली नाही. इस्पितळं वाढली म्हणजे संस्कृती वाढली असं ते मानत नव्हते, आणि ते त्यांनी तिथे सांगितलं. पण त्याचबरोबर पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीला त्यांनी मान दिला आणि आपले वैद्य-हकीम त्या नम्रतेने शोध घेत नाहीत, अशी खंत व्यक्त केली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याने असं बोलावं हे एखाद्याला खटकलं असतं. पण हकीमसाहेबांचा प्रश्न हाच तर होता.

खिताब परत, जामियाचा भार

राजकारणात ते हळूहळू आले. 1906 मध्ये ढाक्यात मुस्लिम लीग स्थापन झाली तेव्हा नवाब सलीमुल्लाह यांच्या ठरावाला अनुमोदन देणारे अजमल खानच होते. 1908 मध्ये सरकारने त्यांना हाजिक-उल-मुल्क हा खिताब दिला, पुढे कैसर-ए-हिंद पदकही. म्हणजे सरकारदरबारी सगळं सुरळीत होतं. 1919 च्या रौलट कायद्याने आणि जालियनवाला बागेने ते बदललं. दिल्लीत स्वामी श्रद्धानंद आणि हकीम अजमल खान यांच्या नेतृत्वाखाली हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून रस्त्यावर आले. 1920 मध्ये त्यांनी सरकारचे खिताब परत केले. कौमने त्यांना मसीह-उल-मुल्क हा नवा खिताब दिला, तो आजतागायत टिकून आहे.

1919 मध्ये अमृतसरला ते मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. डिसेंबर 1921 मध्ये काँग्रेसचे निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, तेव्हा अहमदाबाद अधिवेशनाचं अध्यक्षपद हकीमसाहेबांनी सांभाळलं. खिलाफत परिषदेचंही नेतृत्व त्यांनी केलं. या तिन्ही व्यासपीठांचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं.

29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. मौलाना मोहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू झाले आणि हकीम अजमल खान पहिले अमीर-ए-जामिया, म्हणजे कुलपती. सरकारी पैसा घ्यायचा नाही, असा निश्चय. सुरुवातीला खिलाफत कमिटीच्या निधीवर गाडी चालली. 1924 मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच संपली आणि इकडचा निधीही आटला. जामिया बंद करावी, असं म्हणणारे खूप होते. बंद करणं सोपं होतं. हकीमसाहेबांनी ती 1925 मध्ये अलीगढहून दिल्लीला, करोल बागेत, आपल्या कॉलेजच्या शेजारी आणली आणि खर्चाचा मोठा भार स्वतःच्या खिशातून उचलला. रामपूर, पटियाला, ग्वाल्हेर असल्या दरबारांतून मिळणारी फी शिक्षकांच्या पगारात जाऊ लागली. 1926 मध्ये डॉ. झाकीर हुसैन, आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब जर्मनीहून येऊन जामियात रुजू झाले ते या पडत्या काळातच. आज जामियात शिकून मोठ्या पदांवर गेलेली मुलं पाहतो, तेव्हा एक गोष्ट विसरू नये. त्या विद्यापीठाची सगळ्यात वाईट वर्षं एका हकिमाच्या नाडीपरीक्षेच्या कमाईवर निघाली.

ही वर्षं त्यांच्यासाठीही सोपी नव्हती. 1922 नंतर चळवळ थंडावली. गावोगाव दंगे होऊ लागले. ज्या एकीसाठी आयुष्य वेचलं ती डोळ्यांसमोर उसवत होती. ज्यांच्याबरोबर 1919 मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर उतरले होते त्या स्वामी श्रद्धानंदांचा डिसेंबर 1926 मध्ये खून झाला, खुनी मुसलमान होता. त्यानंतर सुमारे वर्षभराने, 29 डिसेंबर 1927 रोजी, रामपूर इथे हृदयविकाराने हकीमसाहेबांचं निधन झालं. वय अवघं 59. दफन दिल्लीत झालं.

सर्पगंधेची मुळी

आता पुन्हा अजमलीनकडे. आपल्याकडे कोकणापासून बिहार-बंगालपर्यंत एक लहानसं झुडूप उगवतं, सर्पगंधा. युनानीत त्याला असरोल म्हणतात. त्याच्या मुळ्या वेड, झोप न येणं, डोक्यात गरमी चढणं अशा तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जात. दिल्लीच्या हकिमांच्या गोळ्यांतही ती असे. रोग्याला उतार पडतो, हे दिसत होतं. का पडतो, कुणाला सांगता येत नव्हतं.

या झुडपाचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया, हे सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन डॉक्टरच्या स्मरणार्थ. औषधी वनस्पतींच्या शोधात तो हलब आणि बगदादपर्यंत फिरला होता. पण ही वनस्पती त्याने कधी पाहिलीच नव्हती.

हकीमसाहेबांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण ज्याला येतं असा माणूस शोधणं त्यांना येत होतं. डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी हे तरुण रसायनशास्त्रज्ञ 1927 मध्ये फ्रँकफर्टहून डॉक्टरेट घेऊन परतले. त्यांच्या हाती तिब्बिया कॉलेजातल्या संशोधन संस्थेचं काम सोपवायचं हे हकीमसाहेबांनी ठरवलं. जुन्या औषधांतला नेमका कोणता पदार्थ काम करतो, हे शोधायचं. संस्था नीट उभी राहण्याआधीच हकीमसाहेब गेले. सिद्दीकी थांबले नाहीत. 1931 मध्ये त्यांनी आणि रफत हुसैन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळांतून एकामागून एक शुद्ध स्फटिक वेगळे केले. त्यांतल्या पदार्थांना त्यांनी आपल्या मरहूम आश्रयदात्याचं नाव दिलं. अजमलीन हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. हेच सिद्दीकी पुढे कडुलिंबातले निंबिनसारखे पदार्थ वेगळे करणारे म्हणूनही ओळखले गेले.

त्याच सुमारास कलकत्त्याच्या डॉक्टर सेन आणि बोस यांनी याच मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम लिहून ठेवला. आणि मग गोष्ट मुंबईत येते. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी 50 रोग्यांवर सर्पगंधेचा परिणाम पद्धतशीर तपासला आणि 1949 मध्ये एका ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात तो छापून आला. तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी याच मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं. रक्तदाबावरच्या आधुनिक औषधांच्या पहिल्या फळीतलं हे औषध. मानसिक आजारांवरही ते वापरलं गेलं. डॉ. वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

वैद्य-हकिमांनी जपलेली मुळी, लखनौ परिसरात वाढलेला मुसलमान रसायनशास्त्रज्ञ, कलकत्त्याचे बंगाली डॉक्टर, मुंबईचा पारशी. एका औषधाच्या मागे केवढा हिंदुस्तान उभा आहे, पाहा.

तपासणीला घाबरायचं कशाला?

रेसर्पीनची पुढची कथाही सांगायला हवी, ती लपवून चालणार नाही. काही रोग्यांना त्याने उदासीनता येते असं दिसलं, नंतर जास्त सुरक्षित औषधं आली आणि त्याचा वापर कमी झाला. म्हणजे जडीबुटी आहे म्हणून अपाय होत नाही, हे खरं नाही. जी मुळी रक्तदाब उतरवते ती जास्त झाली तर जिवावरही बेतू शकते. आज आपल्या मोहल्ल्यांत नाव-पत्ता नसलेल्या पुड्या विकल्या जातात, वर लिहिलेलं असतं शंभर टक्के युनानी, कोई साइड इफेक्ट नहीं. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या बंद करून लोक त्या खातात आणि मग इस्पितळात भरती होतात. हे युनानीवर प्रेम नाही. हकीमसाहेबांनी ज्या गोष्टींशी आयुष्यभर झगडा केला, नेमक्या त्याच या.

उलट बाजूही आहे. युनानी म्हटलं की हसणारे, सगळंच थोतांड ठरवणारे शिकलेले लोक आपल्यातही आहेत. त्यांनी अजमलीनची हकीकत वाचावी. न तपासता मानणं जसं चूक, तसंच न तपासता फेकून देणंही चूक.

आज 11 फेब्रुवारी हा दिवस देशात युनानी दिन म्हणून पाळला जातो. अलीगढच्या तिब्बिया कॉलेजला त्यांचं नाव आहे, करोल बागेतलं त्यांचं कॉलेजही चालू आहे. मुंबई, पुणे, मालेगाव इथल्या युनानी कॉलेजांत दरवर्षी शेकडो मुलं-मुली बीयूएमएसला प्रवेश घेतात. त्यांतल्या कित्येकांसाठी ती एमबीबीएस न मिळाल्यामुळे घेतलेली दुसरी पसंती असते आणि पदवी हाती आली की युनानी कपाटात बंद होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोट सगळ्यांना आहे. पण त्यांतल्या दोघा-चौघांनी जरी एखादा जुना नुस्खा उचलून तो नीट तपासायचं मनावर घेतलं, आणि समाजातल्या पैसेवाल्यांनी आणखी एका शादी हॉलऐवजी एखाद्या प्रयोगशाळेला हातभार लावला, तर हकीमसाहेबांचं राहिलेलं काम पुढे सरकेल.

ते कधी इंग्रजी शाळेत गेले नाहीत, पण आपल्या विद्येला प्रयोगशाळेच्या दारात घेऊन गेले. दार उघडलेलं त्यांनी पाहिलं नाही. आत जाणाऱ्यांनी मात्र त्यांचं नाव बरोबर नेलं. अल्लाह त्यांची मगफिरत करो, आणि पुढच्या वेळी अजमल खान रोडवर खरेदीला जाल तेव्हा निदान पोरांना सांगा, हे नाव कुणाचं आहे ते.